स्वस्त इंटरनेट नेमकं कुणाला स्वस्त?

आज आपण तंजावरला जाणार आहोत. सरफोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय, तिथले मोडी कागद ही आपल्या मनातली तंजावरची ओळख. पण हा जिल्हा कावेरीच्या मुखाकडचा, तमिळनाडूचं भाताचं कोठार. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या तिथल्या घराच्या नजरेतून आपण मोबाइल इंटरनेटचा खर्च पाहू.

आधी चांगली बाजू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आलं आणि डेटाचे भाव कोसळले. एका जीबीला दोन-अडीचशे रुपये पडायचे, ते दहा रुपयांच्या आसपास आले. जगात इतका स्वस्त डेटा फार थोड्या देशांत मिळतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की दुकानात दहा रुपयांचा एक जीबी मागून महिना काढता येत नाही. घ्यावा लागतो तो पूर्ण रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये दरवाढ झाली, तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा रिचार्ज २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. त्याच वर्षी तमिळनाडूत रोजगार हमीची जाहीर मजुरी होती दिवसाला ३१९ रुपये. म्हणजे एका फोनसाठी जवळजवळ एका दिवसाची मजुरी. घरात दोन फोन असतील तर दोन दिवसांची.

त्यात २८ दिवसांचा हिशोब लक्षात घ्या. वर्षाचे महिने बारा, पण असे रिचार्ज होतात तेरा. २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवायला कंपन्यांना सांगितलं, तरी २८ दिवसांचे प्लॅन चालूच आहेत. शेतमजुराचं उत्पन्न मात्र महिन्याच्या हिशोबाने येत नाही. कुरुवै आणि सांबा या भाताच्या हंगामांत लावणी-कापणीला काम असतं, मध्ये हात रिकामे. नेमका तेव्हाच रिचार्ज संपला, की मुलाचा ऑनलाइन अभ्यास थांबतो आणि बँकेचे व्यवहार अडतात.

दुसरा खर्च हँडसेटचा. साधा ४जी स्मार्टफोन सहा-साडेसहा हजारांचा धरला, तर ती वीस दिवसांची मजुरी झाली. म्हणून एकच फोन घरभर फिरतो, आणि बहुतेक वेळा तो कमावत्या पुरुषाच्या खिशात असतो.

तिसरी गोष्ट तारांची. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तिलाच आज आपण भारतनेट म्हणतो. तमिळनाडूत हे काम राज्य सरकारची फायबरनेट कंपनी करते. पण केबल पंचायतीच्या कार्यालयात पोहोचली म्हणजे घरात पोहोचली असं नाही. शेवटचा टप्पा कुणीतरी टाकायचा, सांभाळायचा आणि त्याचे महिन्याला पैसे घ्यायचे. घरं विरळ, ग्राहक थोडे, म्हणून खाजगी कंपनी तिकडे सहसा वळत नाही.

शिवाय इथे वादळं येतात. केबल जमिनीखालून न्यायची तर खोदाईचा खर्च फार, म्हणून ती विजेच्या खांबांवरून नेणं स्वस्त पडतं. पण नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळात तंजावर, नागपट्टिणम, तिरुवारूर या पट्ट्यात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले होते. खांब पडला की वीज जाते आणि त्यावरची केबलही तुटते. आज वाचवलेला पैसा वादळानंतर दुरुस्तीत जातो.

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये लक्ष्य ठेवलं, की साध्या इंटरनेटचा खर्च माणशी उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत असावा. देशाची सरासरी धरली तर भारत या कसोटीला उतरतो. पण सरासरीत पगारदारही येतो आणि मजूरही. ज्याला महिन्यात पंधरा दिवस काम मिळतं, त्याचे एका रिचार्जलाच सहा टक्क्यांहून जास्त जातात.

उपाय काही अवघड नाहीत. हंगामाप्रमाणे वापरता येईल असा लांब मुदतीचा, कमी डेटाचा स्वस्त रिचार्ज हवा. गावात सार्वजनिक वाय-फाय हवं. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर झाली आहे, तिच्याखाली किराणा दुकानदारही पाच-दहा रुपयांत नेट विकू शकतो. आणि पंचायतीतलं कनेक्शन चालू राहील याची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं हवं.

यापुढे कुणी इंटरनेट स्वस्त झालं म्हणालं, तर एवढंच विचारा: एका रिचार्जला किती दिवसांची मजुरी लागते? तुमच्या गावाचा हिशोबही असाच करून पाहा. भेटू पुढच्या भागात.