पंपावर आळ घेण्याआधी

बार्शीजवळच्या एका शेडमध्ये 35 अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर दुरुस्तीला आला होता. मागे दोन फाळी पलटी नांगर. लिव्हर ओढला की नांगर वीतभर उचलला जायचा आणि तिथंच अडायचा. "पंप गेलाय म्हणतात सगळे," मालक म्हणाले. "तात्या, आधी तेल बघू, मग पंपाचं बोलू," मिस्त्रीनं उत्तर दिलं.

पाना हातात घेण्याआधी त्यानं तीन गोष्टी विचारल्या. तक्रार ट्रॅक्टर थंड असताना आहे की गरम झाल्यावर? रेस वाढवली की फरक पडतो का? इंजिन बंद केल्यावर नांगर वर टिकतो की बसतो? जुन्या लिफ्टचं निम्मं निदान या उत्तरांत असतं.

कारण तेलाची वाट ठरलेली आहे. पंप जाळीतून तेल ओढतो, कंट्रोल व्हॉल्व्ह ते सिलिंडरला देतो, पिस्टन रॉकर शाफ्ट फिरवतो आणि लिफ्टचे हात वर येतात. इंजिन बंद केल्यावर वजन हळूहळू बसू लागलं, तर तेल सिलिंडरच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून निसटतंय. वजन टिकतं पण चढत नाही, तर दोष पंपाच्या बाजूला शोधायचा. गरम झाल्यावरच ताकद गेली, तर पातळ झालेलं तेल झिजलेल्या भागांतून मागं फिरतंय.

तात्यांचा नांगर इंजिन बंद करूनही जागचा हलला नाही. म्हणजे सिलिंडर शाबूत होता. ही परीक्षा लांब उभं राहूनच करायची. हात घालण्याआधी मिस्त्रीनं नांगर जमिनीवर टेकवला. उचललेल्या अवजाराखाली तो कधीच जात नाही.

पंप चालू असताना कण्हल्यासारखा आवाज येत होता. गेजकाडीला फेसाळ, दुधी तेल लागलं. तेल काढून त्यानं जाळी बाहेर घेतली. तिच्यावर काळा गाळ आणि जुन्या गॅस्केटचे तुकडे चिकटले होते. सक्शन पाइपची ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. जाळी तुंबल्यानं पंपाला तेल पुरत नव्हतं आणि चिरेतून तो हवा ओढत होता. तेल दबत नाही, म्हणून ते वजन पेलतं. हवा मात्र दबते, आणि सगळा जोर तिथंच जिरतो.

जाळी डिझेलनं धुतली, रिंग नवी बसवली, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचं तेल भरलं. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं, त्यामुळे तिथं चुकीचं तेल दोन्हीकडे नडतं. मग प्रेशर गेज लावला. अशा बऱ्याच ट्रॅक्टरांत साधारण 150 ते 200 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. काटा त्या पट्ट्यात जाऊन थांबला आणि नांगर पूर्ण उचलला गेला. काटा चढला नसता, तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह आणि सर्वांत शेवटी पंप खोलायचा होता.

शेतकरी मित्रांनो, पंप बदलायला कुणी सांगितलं, तर आधी जाळी बघायला आणि गेज लावायला सांगा. तेल बदलताना जाळी धुतलीच पाहिजे, हा नियम करा. त्याला लागणारा खर्च नव्या पंपाच्या मानानं फारच थोडा आहे.