उत्स्फूर्त प्रार्थनेतील पुनरुक्ती : एक तौलनिक विचार

सिंदेवाही, मूल, नागभीड या परिसरातील विहारांत तरुण उपासक-उपासिकांकडून एक प्रश्न हल्ली वरचेवर ऐकू येतो. आपण पाली भाषेतील ठरलेली वाक्ये रोज म्हणतो. आपले ख्रिस्ती शेजारी मात्र स्वतःच्या भाषेत, मनात येईल तसे बोलून प्रार्थना करतात. मग त्यांची प्रार्थना जिवंत आणि आपली वंदना केवळ पाठांतर, असे समजावे काय? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला रागाने उत्तर देणे योग्य नव्हे. परंतु त्यात दोन गृहीतके दडलेली आहेत. उत्स्फूर्त बोलण्यात पुनरुक्ती नसते, हे पहिले. आणि पुनरुक्ती आली की अर्थ संपतो, हे दुसरे. प्रस्तुत लेखात या दोन्ही गृहीतकांचा आम्ही विचार करणार आहोत.

ख्रिस्ती परंपरेतील जुना वाद

पुनरुक्तीबद्दलची शंका ख्रिस्ती धर्मात मुळापासून आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थनेतील निरर्थक बडबडीविरुद्ध इशारा आहे. तेथे योजलेले ग्रीक क्रियापद संपूर्ण नव्या करारात त्या एकाच ठिकाणी आढळते. मात्र त्याच ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात, अटकेच्या आदल्या घटकेला, येशूने तेच शब्द उच्चारून तिसऱ्यांदा प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. म्हणजे आक्षेप पोकळ शब्दांवर होता. तेच शब्द पुन्हा उच्चारण्यास तेथे मनाई दिसत नाही.

पुढे या एका मुद्द्यावर पंथ वेगळे झाले. रोमन कॅथलिकांची जपमाळ परंपरेने १५० स्तोत्रांच्या संख्येशी जोडली गेली. इंग्लंडमध्ये १५४९ साली सामान्य प्रार्थनेचे पुस्तक निघाले आणि उपासनेची वाक्ये ठरून गेली. पुस्तकातून वाचलेले शब्द अंतःकरणाचे नसतात, असे म्हणून शुद्धिवाद्यांनी त्यास विरोध केला. १६४५ सालच्या वेस्टमिन्स्टर मार्गदर्शिकेने तयार प्रार्थना बाजूला सारून केवळ विषय नेमून दिले. शब्द उपदेशकाने स्वतः योजावेत, अशी अपेक्षा ठेवली.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. त्याचे दोन्ही पक्ष स्कॉटलंडहून विदर्भात आले. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात पोहोचले ते मुक्त प्रार्थनेच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्यास काम करू लागलेले एपिस्कोपल मिशन मात्र प्रार्थनापुस्तक मानणारे होते. त्यात १९६२ साली चांदा येथे सिरो-मलबार चर्चचे स्वतंत्र धर्मक्षेत्र निर्माण झाले आणि १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्यांच्या उपासनेचे मूळ पूर्व-सिरियाक परंपरेत आहे. तेव्हा 'ख्रिस्ती प्रार्थना' म्हणून एकच एक पद्धती आपल्या जिल्ह्यातदेखील दाखविता येणार नाही.

मुक्त प्रार्थनेची घडण

आता ज्या प्रार्थनेला पुस्तक नाही, तिच्याकडे वळू. मराठी ख्रिस्ती सभेत कोणी उभे राहून उत्स्फूर्त प्रार्थना करू लागले म्हणजे काही गोष्टी सहज लक्षात येतात. 'हे प्रभू', 'हे पित्या' ही संबोधने जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या आरंभी येतात. आभार आणि मागणी यांची वाक्ये एकाच साच्यातून निघतात. श्रोते मध्येमध्ये 'आमेन' म्हणतात आणि शेवट येशूच्या नावाने होतो. शब्द कोणी लिहून दिलेले नसतात, तरी त्यांचा क्रम परका वाटत नाही.

याचे कारण बोलण्याच्या प्रक्रियेतच आहे. लिहिलेल्या वाक्याला विरामचिन्हे असतात. तोंडी प्रार्थनेत संबोधन हेच विरामचिन्ह होते. ते म्हणत असताना बोलणाऱ्यास पुढील विचार जुळविण्यास अवधी मिळतो, आणि ऐकणाऱ्यास एक मागणी संपून दुसरी सुरू झाल्याचे कळते. शिवाय आपण श्रोत्यांशी बोलत नसून ईश्वराशी बोलत आहोत, याची आठवण बोलणाऱ्याला राहते. मिल्मन पॅरी यांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातील शाहिरांचा अभ्यास केला आणि त्यांचे शिष्य अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली 'द सिंगर ऑफ टेल्स' या ग्रंथात त्याचे निष्कर्ष मांडले. निरक्षर गायक हजारो ओळींचे काव्य उभ्या-उभ्या रचू शकतो, कारण तयार पदबंधांचा साठा त्याच्याजवळ असतो, असे त्यांनी दाखविले. मुक्त प्रार्थना करणाराही लहान प्रमाणावर हेच करतो. उत्स्फूर्ततेला पुनरुक्तीचा आधार लागतो.

केडगावचे उदाहरण

महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये सापडते. रमाबाईंचे बालपण पुराणपठणात गेले. देवळात वा तीर्थाच्या ठिकाणी बसून संस्कृत पुराणे वाचणे हाच त्यांच्या कुटुंबाचा चरितार्थ होता. श्रोत्यांना अर्थ सांगितला जात नसे. कानावर पडल्याने पुण्य लागते अशी समजूत होती. ही हकीकत रमाबाईंनी १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनात नोंदविली आहे.

जून १९०५ मध्ये या आश्रमात धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. अनेक मुली एकाच वेळी, मोठ्याने, प्रत्येकजण स्वतःच्या शब्दांत, दीर्घकाळ प्रार्थना करीत असत. अशा कोलाहलात लांब वाक्य टिकत नाही. टिकते ते लहान संबोधन, पुन्हा पुन्हा म्हटलेले. १९०७ साली कोरियातील प्याँगयाँग येथेही अशीच लाट उसळली. कोरियन सभांतून आजही 'जुयो', म्हणजे 'प्रभो', असा तीनदा घोष करून सारे जण एकदम स्वतंत्र प्रार्थना सुरू करतात. १९६७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या कॅथलिक करिस्मॅटिक चळवळीत तर जपमाळ आणि मुक्त स्तुती एकाच सभेत नांदू लागल्या. अर्थ न कळता ऐकलेल्या पाठाविषयी असमाधानी असलेल्या रमाबाईंनी पुनरुक्तीला आडकाठी केली नाही, पण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे खर्च केली, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

पाली परंपरेतील पुनरुक्ती

पाली सुत्तांतही पुनरुक्ती विपुल आहे. इतकी, की लिपिकारांना 'पेय्याल' हे संक्षेपचिन्ह वापरावे लागले. परंतु तिचे कार्य वेगळे आहे. लान्स कझिन्स यांनी १९८३ साली मौखिक रचनेचा सिद्धांत पाली साहित्यास लावून पाहिला. मार्क ॲलन यांनी १९९७ साली दीघनिकायातील गद्याचे बारकाईने परीक्षण करून, ही पुनरुक्ती शब्दशः पाठ जतन करण्यास अनुकूल आहे असे प्रतिपादिले. शाहीर पुनरुक्तीच्या आधाराने नवे रचतो. भाणक तिच्याच आधाराने जुने बदलू देत नाही. सिंहलद्वीपात इसवी सनपूर्व पहिल्या शतकात त्रिपिटक लिहिले जाईपर्यंत बुद्धवचन याच मार्गाने टिकले.

दुसरे कार्य विनयातील आहे. उपसंपदेच्या वेळी एक ज्ञप्ती आणि तीन घोषणा होतात. तिसऱ्या घोषणेपर्यंत संघ मौन राहिला तर संमती मानली जाते. 'दुतियम्पि', 'ततियम्पि' म्हणून आपण त्रिशरण घेतो ते याच वळणाचे आहे. तीनदा म्हणणे म्हणजे संकल्प पक्का करणे होय. तिसरे कार्य चित्तभावनेचे. विसुद्धिमग्गाच्या आठव्या परिच्छेदात बुद्धघोषाचार्यांनी शरीराच्या बत्तीस भागांचा पाठ प्रथम वाणीने, शेकडो-हजारो वेळा करण्यास सांगितले आहे. त्रिपिटकधर असला तरी त्याला यातून सूट नाही. वाणीने परिचित झालेले पुढे मनात स्थिर होते आणि चित्त भरकटत नाही.

येथेच खरा फरक स्पष्ट होतो. ख्रिस्ती प्रार्थनेतील पुनरुक्ती ऐकणाऱ्याला उद्देशून असते. कोणीतरी ऐकतो आणि देतो, ही श्रद्धा तिच्यामागे आहे. तथागतांनी याचनेचा मार्ग नाकारला. तेविज्जसुत्तात अचिरवती नदीच्या अलीकडे उभा राहून पलीकडच्या तीराला 'इकडे ये' म्हणून हाका मारणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे. संयुत्तनिकायात डोहात टाकलेला दगड लोकांच्या प्रार्थनेने वर येईल काय, असे असिबंधकपुत्ताला विचारले आहे. हाक कितीदा मारली हा तेथे प्रश्नच नाही. तीर हलत नाही, पोहावे लागते.

आपल्या वंदनेपुढील प्रश्न

मग तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर काय? आमच्या मते, शेजाऱ्याच्या प्रार्थनेत साचे आहेत म्हणून तिला हसण्याचे कारण नाही, आणि आपल्या वंदनेत नवे शब्द नाहीत म्हणून लाजण्याचेही नाही. परंतु धम्मपदातील दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याचा दृष्टांत आपल्यालाच उद्देशून आहे. याचना नसलेली वंदना अर्थही गमावून बसली, तर तिच्याजवळ काहीच उरत नाही. ख्रिस्ती मनुष्याला निदान ऐकणाऱ्याचा भरवसा असतो. आपल्याला केवळ समजुतीचाच आधार आहे. म्हणून पालीचा अर्थ जाणण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबर रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांनी जनसमुदायाला त्रिशरण-पंचशील पालीतून दिले आणि बावीस प्रतिज्ञा मराठीतून दिल्या. त्यांनी तयार केलेला बौद्ध पूजापाठ त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात पाली व्याकरण आणि शब्दकोश यांच्याशेजारी आहे. पाठ आणि कोश यांचे हे सान्निध्य आम्हांस मार्गदर्शक वाटते. वर्षावासात विहारांनी निदान आठवड्यातून एकदा वंदनेचा एक भाग संथपणे म्हणावा, त्याचा पदशः अर्थ मराठीत सांगावा, क्षणभर मौन पाळावे आणि तोच भाग पुन्हा म्हणावा. त्या दुसऱ्या वेळी शब्द तेच असतील. म्हणणारा मात्र काय म्हणतो आहे हे जाणत असेल.