खेळता खेळता वजन उतरतं का?

मारिओ नावाचा मिशाळ प्लंबर जगाला देणारे शिगेरू मियामोतो चाळिशी ओलांडल्यावर रोज वजन करायला लागले. काट्यावर उभं राहायचं, आकडा टिपायचा आणि त्याचा आलेख घरातल्या भिंतीवर चढवायचा. काल रात्री काय खाल्लं ते आज रेषेत दिसतं, घरातले त्यावर बोलतात, चिडवतात, याचीच त्यांना गंमत वाटायला लागली. क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीत खेळ घडवणाऱ्या माणसाला एखाद्या गोष्टीत गंमत वाटली की ती त्याच्या कामात शिरणारच. १ डिसेंबर २००७ रोजी जपानमध्ये कंपनीच्या ‘वी’ या गेम खेळायच्या यंत्रासाठी ‘वी फिट’ बाजारात आला, तो या वजनाच्या नादातून.

या खेळासोबत जेवायला बसायच्या पाटासारखी दिसणारी एक पांढरी फळी मिळायची. तिच्या चार कोपऱ्यांत भार मोजणारे चार सेन्सर. सुमो पैलवानांचं वजन एका काट्यावर मावत नाही, म्हणून दोन काटे शेजारी ठेवून मोजतात, हे ऐकून मियामोतोंना ती सुचली. दोन पायांचा भार वेगवेगळा कळला की तोल कुठे जातोय ते कळतं, आणि तोल कळला की त्याचा खेळ करता येतो. फळीवर उभं राहून टीव्हीतला चेंडू डोक्याने मारा, बर्फाच्या उतारावरून घसरा, वृक्षासनात एका पायावर उभे राहा. जगभर असे दोन कोटींहून अधिक ‘वी फिट’ विकले गेले. ज्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता अशा मध्यमवयीन बायका आणि निवृत्त माणसं दिवाणखान्यात त्या फळीवर चढली.

त्याच फळीने एक घोळही करून ठेवला. ती वजन आणि उंचीवरून बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय काढायची आणि तोंडावर शेरा द्यायची. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांच्या एका चांगल्या काटक मुलीला तिने जाड ठरवलं. पोरगी हिरमुसली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, कंपनीला माफी मागावी लागली. बीएमआयला हाड, स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. आपल्याकडच्या लोकांच्या बाबतीत तर तो उलट्या बाजूने फसवतो, त्याकडे पुढे येतोच.

घाम काढणाऱ्या व्हिडिओ गेमची सुरुवात मात्र ‘वी’च्या आधीची. कोनामी कंपनीचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ १९९८ मध्ये जपानच्या गेम पार्लरमध्ये आला. पडद्यावर बाण वर सरकतात, तालावर तोच बाण पायाखाली दाबायचा. गाणं वेगाचं लागलं की दोन मिनिटांत धाप लागते. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने पुढे हाच खेळ शाळांच्या व्यायामाच्या तासाला आणला, कारण मैदानावर न उतरणारी मुलं यावर उतरत होती. मग २००९ मध्ये ‘जस्ट डान्स’ आला. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ कॅमेरा आला, हातात काही न धरता अख्खं शरीर टिपणारा. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख खपला आणि पुढे सात वर्षांत त्याचं उत्पादनही थांबलं. या धंद्यात लाटा अशाच येतात आणि ओसरतात.

आजचा या घराण्यातला खरा गुणी मुलगा म्हणजे निन्टेन्डोचाच ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’. ऑक्टोबर २०१९ मध्ये आला आणि काही महिन्यांत टाळेबंदी लागल्यावर जगभर दुकानांतून गायब झाला. माझ्या आतेभावाच्या कोथरूडच्या घरी तो जवळून पाहिला. त्याच्या लेकीने परदेशातून येताना आणला होता. हातात धरायला एक लवचीक कडं, दाबलं की आत वाकतं, ताणलं की बाहेर. आत किती जोर लागला ते मोजणारा सेन्सर. एक कंट्रोलर कड्यात बसवायचा, दुसरा पट्ट्याने मांडीला बांधायचा. जागच्या जागी धावलं की पडद्यावरचा गडी धावतो, थांबलं की तोही थांबतो. वाटेत राक्षस भेटतात आणि त्यांना मारायचं ते व्यायाम करून. लाल राक्षसाला हाताचे व्यायाम लागतात, निळ्याला पायाचे, पिवळ्याला पोटाचे, हिरव्याला योगासनं. सगळ्यांचा म्होरक्या एक ड्रॅगन, स्वतःच्या दंडांवर फिदा असलेला. आमचे बंधू, वय बावन्न, बँकेतली खुर्ची कधी न सोडलेले, निळ्या राक्षसापुढे उठाबशा काढत होते आणि पंधराव्या उठाबशीला त्यांच्या मांड्या थरथरत होत्या.

“अहो, हळू! खाली काकू झोपल्यात,” वहिनींनी स्वयंपाकघरातून दटावलं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा हा प्रश्न जपान्यांनाही असावा, कारण खेळात त्याची सोय आहे. आवाज नको असेल तर धावण्याऐवजी गुडघे लयीत वाकवायचे, गडी तरीही पळतो. खेळ संपल्यावर कंट्रोलरच्या सेन्सरवर अंगठा टेकवून नाडीचे ठोके पाहिले, किती कॅलरी जळल्या तो आकडा बघून बंधू खूश झाले आणि डब्यातल्या दोन करंज्या उचलल्या. “कमावल्यात!” म्हणाले.

इथेच सगळं गणित चुकतं, आणि ते मांडून बघायला फार विद्वत्ता लागत नाही. शरीरश्रम मोजायला ‘मेट’ नावाचं एकक आहे. स्वस्थ बसणं म्हणजे एक मेट. साधारण वेगाने चालणं तीन-साडेतीन. व्यायामाच्या व्हिडिओ गेममध्ये तोल सांभाळण्याचे आणि योगासनांचे प्रकार २.३ मेटच्या आसपास, एरोबिक आणि ताकदीचे ३.८ च्या आसपास, आणि तालावर नाचायचा वेगवान प्रकार ७.२ पर्यंत जातो. मेट, किलोतलं वजन आणि तास यांचा गुणाकार केला की ढोबळ कॅलरी मिळतात. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास मधल्या जोराने खेळून १३० च्या आसपास कॅलरी जाळल्या. त्यातल्या ३५ तर नुसतं सोफ्यावर बसूनही गेल्याच असत्या. उरल्या शंभरेक. तेलाचा एक मोठा चमचा १२० कॅलरींचा असतो आणि घरची एक करंजी, कोण किती सारण भरतं त्यावर, दीडशे-दोनशेच्या घरात जाते. अर्ध्या तासाचा घाम एका करंजीलाही पुरत नाही, आणि बंधूंनी उचलल्या दोन.

संशोधकांनी हे खेळ तपासले तेव्हाही असंच काहीसं दिसलं. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ मध्ये किशोरवयीन मुलांना ‘वी’वर टेनिस, बॉक्सिंग, बोलिंग खेळायला लावून मोजमाप केलं. बसून खेळायच्या गेमपेक्षा शक्ती नक्कीच जास्त खर्च झाली, पण खऱ्या टेनिस-बॉक्सिंगच्या जवळपासही नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना घरी ‘वी’ दिला, काहींना अंग हलवायचे खेळ, काहींना बसून खेळायचे. तेरा आठवडे हालचाल मोजली. दोन्ही गटांत फरक सापडला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात ‘पोकेमॉन गो’ने लोकांना रस्त्यावर आणलं तेव्हा हार्वर्डच्या संशोधकांनी खेळणाऱ्यांची पावलं मोजली. पहिल्या आठवड्यात रोज साडेनऊशेच्या आसपास पावलं वाढली होती, सहाव्या आठवड्यापर्यंत सगळे होते तिथे परत. जिमची वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

व्यायामाने वजन का उतरत नाही, याचं आणखी खोलातलं एक कारण आहे. टांझानियात हाडझा नावाची शिकार आणि कंदमुळांवर जगणारी जमात आहे. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२ मध्ये जाहीर केला. दिवसभर रानोमाळ चालणारी ही माणसं, शरीराचा आकार लक्षात घेतला तर, अमेरिकेतल्या बैठ्या माणसाइतकीच ऊर्जा खर्च करत होती. श्रम वाढले की शरीर बाकीच्या खर्चात कुठेतरी काटकसर करतं, असा पाँट्झर यांचा निष्कर्ष. त्यावर वाद आहेत आणि राहतील. पण नुसत्या व्यायामावर विसंबून दहा किलो उतरवायला निघालेला माणूस बहुधा निराश होतो, हा अनुभव त्यातून समजतो तरी.

म्हणजे वजनाचा निकाल मुख्यतः ताटात लागतो. आणि ताटाबद्दल महाराष्ट्राला काही सांगायला जाणं म्हणजे धाडसच. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून उचललेला धागा डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेला: दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही नाही आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात की थोडं थोडं, पण दर दोनेक तासांनी खा, आजीच्या हातचं खा, तुपाला घाबरू नका. लग्नाच्या पंगतीत या दोन पक्षांची जुंपलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मला स्वतःला यातल्या वादापेक्षा मेळ महत्त्वाचा वाटतो. चहाबरोबरचा बिस्किटांचा पुडा, चार वाजताचं फरसाण, रात्री टीव्हीसमोरचे वेफर्स दोन्हीकडे हद्दपार आहेत. ज्याला जे झेपेल त्याने ते धरावं, पण या सोमवारी दीक्षित आणि पुढच्या सोमवारी दिवेकर करू नये.

पुड्यातल्या खाण्याचा मुद्दा नुसत्या आजीच्या आठवणींचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना महिनाभर आवारातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, चोथा दोन्हीकडे सारखे, खायचं मात्र हवं तेवढं. कारखान्याच्या अन्नावर माणसं रोज पाचशेच्या आसपास कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. २०१९ चा हा अभ्यास लहान आहे, पण काटेकोर आहे. रोजच्या पाचशे कॅलरी कुठल्याही कड्याने दाबून निघत नाहीत.

आता बीएमआयकडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापून एक कोडं घातलं. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी गाठायला केलेली धावपळ, असं त्यात मिस्कीलपणे नोंदवलंही आहे. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. ती इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण-एक किलोने हलकी होती, पण त्यांच्या अंगात कमी होता तो मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीवाले असे आपण जन्मतःच असू, तर मधुमेह कमी वजनावर गाठणार. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढतात. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असं सांगतात.

मला या खेळांची खरी किंमत इथे दिसते. आपल्याला काट्यावरचे किलो कमी करायचे आहेत त्याहून जास्त निकडीने स्नायू जमवायचे आहेत, आणि मराठी मध्यमवर्गाला ताकदीच्या व्यायामाचं पहिल्यापासून वावडं. सकाळचं फिरणं मान्य, जोर-बैठका तालमीतल्या पोरांसाठी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाबरोबर दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगते, तो भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला जिममध्ये अनोळखी पोरांच्या देखत उठाबशा काढायचा संकोच वाटतो. दार लावून ड्रॅगनसमोर काढायचा वाटत नाही. पावसाळ्यातले चार महिने, संध्याकाळचा काळोख, फुटपाथ नसलेले रस्ते, यांतलं काहीच तिथे आडवं येत नाही. कॅलरींच्या हिशेबात हे खेळ नापास, पण हलायलाच तयार नसलेल्या माणसाला हलवण्यात पास. त्यासाठी महागडं यंत्र हवंच असंही नाही. फोनवरचा नाचाचा गेम किंवा यूट्यूबवरची वर्कआउट लावून वहिनी-जावांनी दिवाणखान्यात धिंगाणा घातला तरी मेट तेवढेच.

जपायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण आहेत. २००७ मध्ये स्पेनमधला एक तरुण डॉक्टर खांदा दुखतोय म्हणून जागा झाला. आदल्या दिवशी तासन्‌तास ‘वी’वर टेनिस खेळला होता. त्याने स्वतःचीच केस एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाला कळवली. रॅकेटला वजन नसलं तरी हात तोच असतो. गुडघे कुरकुरत असतील तर उड्यांचे प्रकार वगळा, आणि नुसत्या फरशीवर अनवाणी नाचू नका, खाली सरकणारी सतरंजी नको, न सरकणारी रबरी मॅट घाला.

वजनाचा काटा आठवड्यातून एकदा पुरे. त्याऐवजी शिवणाच्या डब्यातली टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या आणि महिन्याने पुन्हा घ्या. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी, मग ते दीक्षित असोत, दिवेकर असोत की ड्रॅगन, आपल्या डॉक्टरांना विचारा. साखर एकाएकी खाली जाऊ शकते.