हिमपदभ्रमण
हिमपदभ्रमण : हिमाच्छादित प्रदेशात पायांना स्की किंवा हिमपादुका बांधून स्वतःच्या बळावर केलेला प्रवास. उतारावरून वेगाने घसरत येण्याचा सर्वपरिचित खेळ आणि हा प्रकार भिन्न होत. येथे रज्जुमार्गाने वर नेऊन सोडण्याची सोय गृहीत नसते. चढ, सपाटी व उतार हे तिन्ही पायांनीच पार करावयाचे असतात. महाराष्ट्राला बर्फ अपरिचित आहे. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेतील नीचतम तापमानाची नोंद ७·४° से. (२२ जानेवारी १९६२) एवढीच आहे. तथापि गिरिविहार (स्थापना १९५४) ही मुंबईतील जुनी संस्था, मुलुंडची चक्रम हायकर्स यांसारख्या मंडळांमुळे शहरात व उपनगरांत सह्याद्रीत भटकणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार झाला असून त्यांतील अनेक जण हिवाळ्यात हिमालयाची वाट धरतात. समुद्रसपाटीवर राहणाऱ्या या प्रवाशांना योजनेचे काही प्रश्न वेगळे पडतात.

साधने : मऊ बर्फात साध्या बुटांनी चालणारा गुडघ्यापर्यंत रुततो. बुटाच्या तळाचे क्षेत्रफळ सु. ३०० चौ. सेंमी. असते, हिमपादुकेचे त्याच्या चार-पाच पट भरते, त्यामुळे शरीराचा भार विभागला जाऊन दाब तितकाच घटतो. उत्तर अमेरिकेतील आदिवासी लाकडी चौकटीत कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून अशा पादुका करीत. आजच्या पादुका ॲल्युमिनियमच्या वा प्लॅस्टिकच्या असून त्यांच्या तळाशी धातूचे दाते असतात. पदभ्रमणाच्या स्कीत बुटाचे फक्त टोक जखडलेले व टाच मोकळी असते, म्हणून पाऊल उचलून पुढे रेटता येते. मागे घसरू नये यासाठी स्कीच्या तळाला खवले पाडलेले असतात किंवा विशिष्ट मेण लावतात. फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये अशाच स्कींवरून ग्रीनलंड ओलांडले, आणि १९२४ च्या शामॉनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून या प्रकाराच्या शर्यती होत आहेत. भारतात मिळणारे शिक्षण मात्र बहुतांशी उतारावरील स्कीइंगचे असते. स्की आवरण्यास अनेक दिवसांचे शिक्षण लागते, हिमपादुका तासाभरात जमतात. पहिल्याच सहलीस जाणाऱ्याने हिमपादुकाच निवडाव्यात, हे उचित. उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकंठासारख्या (सु. ३,८०० मी.) वर्दळीच्या मार्गावर वाट आधीच तुडवलेली असते. तेथे पुष्कळदा बुटांवर चढवावयाचे साखळीदार दातेही पुरतात.

उंची आणि मार्ग : अंधेरीहून सकाळी विमानतळ गाठणारा प्रवासी श्रीनगरमार्गे त्याच दिवशी गुलमर्गला (सु. २,६५० मी.) मुक्काम करू शकतो. या सोयीतच धोका दडलेला आहे. सु. ३,००० मी. उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, आणि २,५०० मी.च्या वर झपाट्याने पोहोचलेल्यांपैकी अनेकांना डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश होतो. गुलमर्गचा रज्जुमार्ग तर आणखी सव्वा हजार मीटरांहून अधिक वर नेतो. पोहोचण्याच्या दिवशीच त्यात बसणे टाळावे. उलट बोरिवलीहून रेल्वेने हरिद्वार व तेथून मोटारीने जोशीमठ (आता ज्योतिर्मठ, सु. १,८७५ मी.) गाठणाऱ्याचे दोन-तीन दिवस खर्ची पडतात, परंतु शरीराला उसंत मिळते. जोशीमठ ते औली हा रज्जुमार्ग जानेवारी २०२३ मध्ये तेथील जमीन खचू लागल्यावर बंद करण्यात आला. म्हणून औलीला रस्त्याने जाण्याचीच तयारी ठेवावी. तीन हजार मीटरांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. विश्रांतीतही धाप लागणे, तोल जाणे, बोलणे असंबद्ध होणे ही फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचू लागल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला खाली उतरविणे हाच मुख्य उपाय होय.

हंगाम : उपनगरांतील कुटुंबांच्या सुट्या दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात येतात. हिमालयातील स्कीइंगला योग्य बर्फ साधारणपणे जानेवारी ते मार्चच्या आरंभापर्यंत असतो, म्हणजे नेमका परीक्षांच्या तोंडावर. नाताळात बर्फ बहुधा पातळ असतो. पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असलेली ही हिमवृष्टी अलीकडे बेभरवशाची झाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ बर्फाविना होते, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या.

हिमप्रपात : भरपूर बर्फ पडणे ही आनंदाची वार्ता असली, तरी तिच्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत घातक असतात. ३०° ते ४५° उताराच्या बाजूंवरील ताजा थर खालच्या जुन्या थराला नीट चिकटलेला नसतो आणि चालणाऱ्याच्या भारानेही सुटू शकतो. अनुभवाने हा धोका नाहीसा होत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा शिखराच्या मोहिमेत नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमप्रपात कोसळला व २७ जणांचे मृतदेह हाती लागले. गुलमर्गजवळ १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश स्कीपटू मृत्यू पावले. गाडल्या गेलेल्या व्यक्तीची वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत सहसा उशीर झालेला असतो. म्हणूनच प्रत्येकाजवळ संदेशयंत्र, शोधकाठी व फावडे असणे आणि ती वापरण्याचा सराव असणे आवश्यक ठरते. मार्गदर्शक निवडताना दराआधी याची चौकशी करावी. चंडीगढच्या संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन आस्थापनेची हिमप्रपातविषयक पूर्वसूचना रोज पाहावी.

पूर्वतयारी : निघण्यापूर्वी दोन-तीन महिने पाठीवर वजन घेऊन चालण्याचा सराव करावा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांपर्यंतची वाट व शनिवार-रविवारचे सह्याद्रीतील गड त्यास पुरेसे आहेत. मात्र या सरावाने पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही; उत्तम चालणारे तरुणही उंचीच्या विकाराला बळी पडतात. सुती कपडे घामाने ओले होऊन अंग गार पाडतात, म्हणून लोकरी वा कृत्रिम धाग्याचे पातळ थर एकावर एक घालावेत. मुंबईकरांच्या घरात असे कपडे क्वचितच असतात. जाड कोट व बूट भाड्याने घेणे परवडते, मोजे व हातमोजे स्वतःचे असावेत. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने डोळे सुजून काही काळ दिसेनासे होते, यास्तव काळा चष्मा ढगाळ दिवशीही लावावा. हिमवृष्टीत श्रीनगरची विमाने रद्द होतात व गढवालचे रस्ते बंद पडतात. परतीच्या तिकिटापूर्वी निदान दोन दिवस मोकळे ठेवावेत.