आनंदीबाईंच्या सालातली माणसं

कोपरहून सुटलेली लोकल डोंबिवली, ठाकुर्ली मागे टाकत कल्याणला पोचते. त्या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना लग्नानंतर आनंदी झाली, अमेरिकेला गेली आणि डॉक्टर होऊन परतली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांना नेलं. वयाची बावीस वर्षं पुरी व्हायला महिनाभर उरला होता. चरित्राच्या शेवटी ही तारीख येते आणि आपण पुस्तक मिटतो. मात्र त्या तारखेपाशी थांबून, त्या वर्षी जगात आणखी कोण गेलं हे पाहू लागलं, की मन थक्क होतं.

दुसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारीला, सेंट पीटर्सबर्गमधल्या एका नृत्यसमारंभात अलेक्झांडर बोरोदिन अचानक कोसळले आणि गेले. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालत असल्याने तिथे ती तारीख १५ फेब्रुवारी होती. जग बोरोदिनना संगीतकार म्हणून ओळखतं. त्यांचा ‘प्रिन्स इगोर’ हा ऑपेरा अपुरा राहिला आणि पुढे रिम्स्की-कोर्साकोव्ह व ग्लाझुनोव्ह यांनी तो पुरा केला. संगीत हा मात्र त्यांच्या फावल्या वेळेचा उद्योग. शिक्षणाने ते डॉक्टर आणि पेशाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १८७२ मध्ये पीटर्सबर्गला स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू झालं, ते ज्यांनी धडपडून उभं केलं त्यांत बोरोदिन होते, आणि तिथे ते स्वतः शिकवतही असत. सरकारने १८८२ मध्ये तिथले नवे प्रवेश थांबवले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८३ मध्ये, आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या!

आनंदीबाई ज्या पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, ते फिलाडेल्फियात १८५० पासून चालू होतं. त्यांना प्रेमाने सांभाळणाऱ्या तिथल्या प्रमुख रेचल बॉडली याही रसायनशास्त्राच्याच प्राध्यापक. १८६५ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या जन्माच्याच वर्षी, त्यांनी ते पद स्वीकारलं होतं. मुलींना डॉक्टर होता यावं म्हणून पीटर्सबर्गमध्ये एक रसायनशास्त्रज्ञ झटत होता आणि फिलाडेल्फियात दुसरी. याच महाविद्यालयातला १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे: नऊवारीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात.

कोपर स्थानकात खालून कल्याणच्या गाड्या धावतात आणि वरच्या पुलावरून वसई-पनवेल मार्गाच्या. दोन्ही मार्ग तिथे एकमेकांना ओलांडतात, पण रूळ तिथे मिळत नाहीत. आनंदीबाई आणि बोरोदिन यांची आयुष्यं अशीच एकमेकांना ओलांडून गेली.

त्या साली गेलेल्या आणखी काही जणी पाहा. डोरोथिया डिक्स या अमेरिकन बाईंनी मनोरुग्णांना तुरुंगांतून, कोंडवाड्यांतून सोडवून त्यांच्यासाठी रुग्णालयं उभी करायला राज्याराज्यांची सरकारं हलवली. जुलै १८८७ मध्ये, ८५ व्या वर्षी, त्या न्यू जर्सीत वारल्या, त्यांच्याच प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात. आनंदीबाईंना अमेरिकेत पहिला आसरा देणारं कार्पेंटर कुटुंब याच राज्यातलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्वीडनची विख्यात गायिका जेनी लिंड ६७ व्या वर्षी इंग्लंडमध्ये गेली. गाऊन मिळवलेला पैसा तिने शाळांना आणि धर्मादाय कामांना वाटला होता.

त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ३८ वर्षांची कवयित्री एमा लाझारस गेली. न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभारायचा होता, पण चौथऱ्याला पैसे कमी पडत होते. त्या निधीसाठी तिने १८८३ मध्ये, म्हणजे आनंदीबाई त्या बंदरात उतरल्या त्याच वर्षी, एक सुनीत लिहिलं. परदेशातून येणाऱ्या निराधारांचं स्वागत करणारी ती कविता आज पुतळ्याच्या चौथऱ्यात आहे. पुतळ्याचं अनावरण २८ ऑक्टोबर १८८६ रोजी झालं. त्याआधी काही दिवसच आनंदीबाईंचं परतीचं जहाज न्यूयॉर्कहून सुटलं होतं.

दर वर्षी जगात असंख्य माणसं जातात, तेव्हा काही नामवंत एकाच साली जावेत यात गूढ काही नाही. पण साल धरून पाहिलं, की वेगवेगळ्या पुस्तकांत विखुरलेली माणसं शेजारी येतात. बाईने काय शिकावं, कुठवर जावं, कोणतं काम करावं, हा प्रश्न तेव्हा कल्याणच्या वाड्यातच नव्हे, तर रशियात, अमेरिकेत, जपानमध्येही धगधगत होता.

आता खरं नवल. शुक्र ग्रह दाट ढगांनी कायमचा झाकलेला आहे. १९९० मध्ये तिथे पोचलेल्या मॅगेलन यानाने रडारच्या साहाय्याने त्याच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागाचा नकाशा केला. तिथल्या मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावं द्यायची, असा खगोलशास्त्रज्ञांचा नियम आहे. त्या यादीत डिक्स आहे, लिंड आहे, लाझारस आहे आणि जोशीही आहे! आनंदीबाईंचं विवर सुमारे ३४ किलोमीटर रुंद आहे. एकाच वर्षी जग सोडून गेलेल्या, ८५ पासून २१ पर्यंत वयाच्या या चौघी आज एकाच ग्रहाच्या नकाशावर आहेत.

कल्याण-डोंबिवलीच्या शाळांत आनंदीबाईंचा धडा शिकवताना बोरोदिन, बॉडली, ओकामी यांचीही गोष्ट सांगायला हवी. मग मुलांना आनंदीबाई एकट्यादुकट्या, जगावेगळ्या वाटणार नाहीत. साऱ्या जगात एकाच वेळी चाललेल्या एका मोठ्या धडपडीतल्या त्या आपल्या गावच्या होत्या, हे कळेल, आणि त्यांची थोरवी त्यामुळे अधिकच उजळेल.