लेनवरचं पाच चमचे तेल

बोलिंगच्या एका लेनवर साधारण पंचवीस मिलिलिटर तेल असतं. चहाच्या चमच्याने मोजलं तर पाच चमचे. तेवढं तेल साडेतीन फूट रुंद आणि चाळीस फूट लांब पट्ट्यावर पसरलं की थराची जाडी सरासरी दोन मायक्रॉन भरते, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास. खेळायला येणाऱ्यांना लेन चकाकताना दिसते. पॉलिश असेल, असं म्हणून ते विषय सोडून देतात. कुणाचा पाय फाउल लाइनच्या, म्हणजे बॉल सोडायच्या रेषेच्या, पुढे पडला आणि तो सपशेल आडवा झाला की तेलाचा शोध लागतो.

डेट्रॉइटच्या उपनगरांत मोटारींच्या कंपन्यांमुळे मराठी घरं बरीच आहेत, आणि मिशिगनचा हिवाळा लांबलचक. संध्याकाळी पाच-साडेपाचलाच अंधारून येतं, बाहेर बर्फ. मग ऑफिसातले चार जण मिळून बोलिंग लीगमध्ये नाव नोंदवतात. मीही तसाच ओढला गेलो आणि बॉल टाकण्यापेक्षा तेलाच्याच नादी जास्त लागलो.

लीगची मंडळी यायच्या आधी, दुपारी, आमच्या इथला मेकॅनिक तेलाचं मशीन बाहेर काढतो. लेनच्या रुंदीचं, गुडघ्याएवढं उंच धूड. फाउल लाइनवर ठेवून बटण दाबलं की ते एकटंच पिनांच्या दिशेने निघतं. पुढच्या बाजूने साबणाचं पाणी फवारतं, कापडाने पुसतं, रबरी पट्टीने निथळून ते मळकट पाणी शोषून घेतं आणि मागच्या बाजूने ताजं तेल लावत जातं. परत येताना उरलेला थर देतं. कुठल्या फळीवर किती तेल आणि किती फुटांपर्यंत, हे सगळं आधी भरून ठेवलेलं असतं. आता लेन बहुतेक ठिकाणी कृत्रिम पृष्ठभागाच्या असतात, तरी मोजमाप अजून फळ्यांचंच. रुंदीत 39 फळ्या, दर पाचव्या फळीवर बाण. जुन्या लाकडी लेनमध्ये बॉल आदळतो तो सुरुवातीचा भाग मेपलचा असायचा, पुढे पाइन. त्या काळी तेल लावायचे ते लाकूड आणि त्यावरचं लॅकर वाचवायला.

मशीन पुढच्या लेनवर सरकल्यावर मेकॅनिकने मला खाली बसवलं. “मधे बोट फिरव,” म्हणाला. विसाव्या फळीवर बोट निसटलं, मागे पुसट रेघ उमटली. “आता कडेला.” गटरजवळच्या चौथ्या-पाचव्या फळीवर बोट अडखळलं, तेल होतं, पण नावापुरतं. मग गटरच्या कडेकडेने आत चालत चाळिसाव्या फुटाच्या पुढे गेलो. तिथून पिनांपर्यंतचे वीस फूट कोरडे ठणठणीत. बोट कुईं करून वाजलं.

रोजच्या गिऱ्हाइकांसाठी बहुतेक ठिकाणी तेलाची रचना अशीच असते, आणि त्यात मोठी मेख आहे. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल ठरल्यापेक्षा उजवीकडे गेला तर तिथे कोरडं मिळतं, घर्षण वाढतं आणि बॉल वळून पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या पिनच्या उजव्या कुशीत, परत येतो. डावीकडे गेला तर तिथलं भरपूर तेल त्याला वळू देत नाही. घसरत घसरत तोही पॉकेटमध्येच पोचतो. चूक खेळाडूची, दुरुस्ती तेलाची. कॅरमवर आपण पावडर टाकतो तीही घर्षण कमी करायलाच, पण ती सगळ्या बोर्डावर पसरतो आणि ती दिसते. इथे मुद्दामच कमी-जास्त लावतात, आणि दिसत काहीच नाही.

व्यावसायिक स्पर्धांत हे लाड बंद होतात. तिथे मध्यभाग आणि कडा यांतला फरक कमी ठेवतात. अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेने, म्हणजे पीबीएने, आपल्या तेलाच्या पॅटर्नना प्राण्यांची नावं दिली आहेत. चित्ता आखूड, शार्क लांब. एक सोपा आडाखाही आहे: तेलाच्या लांबीतून 31 वजा करायचे, उरेल त्या फळीच्या आसपास बॉल वळायला लागला पाहिजे. 35 फुटांचा पॅटर्न असेल तर चौथी फळी, म्हणजे जवळजवळ गटरच्या तोंडाशी. आमच्या लीगमध्ये दोनशे गुणांच्या गप्पा मारणाऱ्यांना असल्या लेनवर उभं केलं की आवाज खाली येतो. माझा आला होता.

बॉल प्रवासाला निघतो तेव्हा खरं तर लोळत नाही, घसरतो. हातातून सुटताना त्याला तिरपी फिरकी मिळालेली असते, पण तेलावर घर्षणांक 0.04 च्या आसपास असल्यामुळे तिचा उपयोग होत नाही. कोरड्या भागात घर्षणांक 0.2 च्या घरात जातो, आणि मग फिरकी लेनला धरते, बॉल वळतो. शेवटी घसरणं संपून तो निव्वळ लोळायला लागतो. सहा अंशांच्या आसपासच्या कोनातून तो पॉकेटमध्ये शिरला तर स्ट्राइकची शक्यता सगळ्यात जास्त. हे सगळं अडीच सेकंदांत.

लेनला किती धरायचं, हे बॉलच्या बाहेरच्या कवचावर ठरतं. सगळ्या बोलिंगचा इतिहास मला या कवचाचाच इतिहास वाटतो. आधी कठीण रबर, मग प्लॅस्टिक. 1973 साली डॉन मॅक्यून या खेळाडूने प्लॅस्टिकचे बॉल द्रावणात बुडवून त्यांचं कवच मऊ केलं, त्या वर्षी सहा स्पर्धा जिंकल्या आणि पीबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर कवच किती कठीण असावं, याचे नियम आले. 1980 च्या दशकात युरेथेन आलं, 1990 च्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन. या रेझिनच्या कवचाला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. तेल त्यात शिरतं, त्यामुळे कवच लेनला भिडतं. बॉल तेल पितात म्हणून लेनवर जास्त तेल, जास्त तेल आलं म्हणून आणखी तहानलेले बॉल. धंदा दोन्हीकडून चालू. अखेर अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसने नव्या बॉलसाठी तेल शोषण्याच्या वेगावरच मर्यादा आणली.

बॉल असं तेल पीत असल्यामुळे तिसऱ्या गेमला लेन पहिल्यासारखी राहत नाही. सगळ्यांचे बॉल ज्या वाटेने जातात त्या वाटेवरचं तेल संपत जातं. प्लॅस्टिक आणि युरेथेनचे बॉल ते पीत नाहीत, पुढे ढकलतात; मग कोरड्या भागात तेलाचे पट्टे उमटतात. उजव्या हाताचे खेळाडू जास्त, म्हणून उजवी बाजू आधी उजाड होते आणि डावखुऱ्यांची बरीचशी शाबूत राहते. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमोंटेने दोन हातांनी बॉल टाकण्याची पद्धत गाजवली. आता पोरं तशीच टाकतात. फिरकी जास्त म्हणून त्यांच्या वाटेवरचं तेल आणखी लवकर उडतं. आमच्या चौघांतला सांगलीचा गडी तिसऱ्या गेमला हमखास म्हणतो, “अरे, आज माझा हात लागत नाहीये.” हात तोच असतो. पाय दोन फळ्या डावीकडे सरकवायला हवेत, एवढंच.

बॉल परत येतो तेव्हा त्याच्यावर तेलाची कडी दिसतात. रेझिनच्या बॉलच्या आतला गाभा असमतोल असल्याने प्रत्येक फेरीला त्याचा आस थोडा सरकतो आणि बॉल दर वेळी नव्या, कोरड्या जागेवर टेकतो. म्हणून एकाऐवजी अनेक कडी, दोन ठिकाणी एकमेकांना छेदणारी. पुढच्या फेकीआधी ती पुसायची असतात. खेळ चालू असताना फक्त कोरडा टॉवेल. द्रव क्लीनर नियमाने बंद. खेळ संपला की मात्र बॉल अजून कोमट असतानाच आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून स्वच्छ करावा. घरी नेऊन उद्या बघू म्हटलं की तेल आत उतरलेलंच.

तरी ते उतरतंच. पन्नास-साठ गेमनंतर बॉल वळायचा मंदावतो. मग त्याला अंघोळ. बोटांची भोकं टेपने बंद करायची, बादलीत नळाचं गरम पाणी घ्यायचं, भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब टाकायचे आणि बॉल बुडवायचा. पाचेक मिनिटांत कवचावर बारीक पिवळसर थेंब फुटू लागतात, साबणाच्या पाण्यावर तवंग धरतो. पाणी गार झालं की बदलायचं. दुसऱ्या पाण्यात तवंग कमी, तिसऱ्यात जवळपास नाही. पाणी साठ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ओव्हन, डिशवॉशर असले उपाय सुचवणारे खूप भेटतात. कवच तडकलं की ते भेटत नाहीत. इथल्या थंडीत गाडीच्या डिकीत बॉल ठेवणं तितकंच वाईट. रात्रभर उणे पंधरात, मग एकदम हीटरच्या हॉलमध्ये. प्रो शॉपमध्ये असे चिरलेले बॉल दर हिवाळ्यात दिसतात.

अंघोळीनंतर कवच घासावं लागतं, कारण लेनवर घासून घासून ते गुळगुळीत झालेलं असतं. पाचशे ग्रिटची चकती फिरवली तर बॉल लवकर धरतो, चार हजारची फिरवली तर लांबवर घसरतो. मी मधली दोन हजारची धरून बसलोय. एवढं करूनही दोन-तीन हंगामांत रेझिनचा बॉल थकतो, आणि नवा घ्यायचा म्हटलं की दीडशे-दोनशे डॉलर. दुकानात तो टिकाऊ वस्तू म्हणून विकतात. मला तो टायरसारखा झिजणाराच माल वाटतो.

प्लॅस्टिकच्या बॉलचं यातलं काहीच नाही. तो तेल पीत नाही, वळत नाही, लेन कशीही असो सरळ जातो. उजव्या कोपऱ्यातली दहाव्या नंबरची पिन उरली की मी तोच उचलतो. बॅगेतला सगळ्यात स्वस्त बॉल आहे, आणि पहिल्या हंगामापासून तोच चालू आहे.