विश्रांतीचा तास

घटकाभर स्वस्थ बसलों कीं कर्तव्यास चुकलों, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटतें. परंतु आळस व विश्रांति ह्यांत मोठें अंतर आहे. आळस कामापासून पळतो. विश्रांति पुढील कामासाठीं शक्ति सांठविते.

मुंबईच्या गिरणी-कामगारांस रविवारची सुटी आयती मिळाली नाहीं. रा. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं कामगारांच्या सभा भरवून ती मागितली. १८९० सालीं ती मिळाली. इतक्या प्रयासानें लाभलेली विश्रांति आपण चोरीच्या मालासारखी कां भोगावी?

म्हणून अभ्यासाप्रमाणें विश्रांतीचाही तास नेमून ठेवावा, व त्यांत मनास रुचेल तें निःशंकपणें करावें. मात्र घरांत आईस रविवारही नसतो. तिचें थोडें काम आपण उचलून तिलाही असा तास मिळवून द्यावा, हें आम्हांस विशेष अगत्याचें वाटतें.